बुचे कान

सासूबाईंच्या गुडघ्यावरची लहानपणीची जखम सकाळी उघडली, तेव्हा मृण्मयीने पट्टी बांधली. तापाची साथ येऊन गेल्यापासून कुणाच्याच अंगात कातडी सांधून धरणारं हायड्रॉक्सिप्रोलिन बनत नव्हतं. कातडीची वीण उसवत होती आणि कधीच भरून आलेले घाव परतत होते.

“लेकीचे कान न टोचता बुचे ठेवलेस म्हणून मी किती टोचून बोलले तुला,” सासूबाई म्हणाल्या. “आता घरात तीच एक अख्खी राहील गं.”

मृण्मयीने देवाला हात जोडले. शर्वाला तिने आजवर साधं खरचटूही दिलं नव्हतं.

सांजवात लावताना शर्वा फ्रॉक पोटाशी धरून आली.

“आई, बेंबी ओली लागतेय.”

फ्रॉकवर लाल डाग होता. नाळ कापल्याची जखम तेवढी मृण्मयी विसरली होती.