तिसरी पट्टी

तिसरी पट्टीही नापास होणार, हे तिला पडद्यावर आलेख अर्धा उमटल्यावरच कळलं.

पट्टी दिसायला पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण वरच्या ऑक्साइडच्या थरात इतकी बारीक छिद्रं, की खरं क्षेत्रफळ उशीच्या अभ्र्याएवढं भरावं. तिच्या बाबांच्या हातची तरी भरायची. तीस वर्षं ते ब्रशने थर चढवून भट्टीत भाजत होते आणि क्षेत्रफळाचा तीनशेपट आकडा म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. या आठवड्यात मात्र तो नव्वदच्या वर सरकेना.

बाबा भट्टीवर आणि ती तपासणीत असलेल्या या कारखान्यात कपातीचे दिवस होते. सोमवारी साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. तीन पट्ट्या बघणार, तिन्ही गेल्या तर शनिवारपासून घरी, एवढंच बाबांनी तिला सांगितलं. भट्टी सुटली की हा माणूस खचणार, याची तिला धास्ती होती. आई गेल्यावर त्यांना या कामानेच उभं ठेवलं होतं.

तिने द्रावण बदललं, तारा पुन्हा जोडल्या, दोनदा मोजलं. आकडा ढिम्म. तिला रडू फुटलं.

पट्टी धुताना मात्र तिचा हात थबकला. अशा थरावर पाणी सरळ पसरतं. इथे दोन्ही बाजूंना ते थेंब थेंब होऊन उभं होतं. उजेडात धरल्यावर अंगठ्याचा तेलकट ठसा दिसला, मधोमध बाबांच्या भाजल्याचा जुना व्रण. हातमोज्यांवरून सगळ्या खात्याला धारेवर धरणारे बाबा आता स्वतःच विसरायला लागले होते. वय झालं, दुसरं काय.

तिने पट्टी ॲसिटोनमध्ये बुडवली, तापवली, पुन्हा मोजली. तीनशे बारा. सही ठोकून तिने अहवाल साहेबांच्या हातात दिला आणि धावतच भट्टी गाठली.

"बाबा, तुमचा हात नाही बिघडलेला. नुसती बोटं लागली होती. तीनशे बारा आलाय. साहेबांना देऊनही आले."

बाबा स्टुलावर बसले.

"देऊन आलीस?"

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. तारीख सोमवारची होती. खाली साहेबांची सही आणि दोनच ओळी: एका घरातला एकच माणूस ठेवायचा. पट्टी पास झाली तर वडील, नाहीतर मुलगी.