वीस पावलं

काल सांजेला किसनरावांच्या वावरातून चुन्याच्या फक्कीनं आखलेली, पाणी अडवायच्या चराची पांढरी रेघ सकाळी वीस पावलं खाली, झुंबरबाईच्या वावरात सरकलेली होती. झुंबरबाई त्या रेघेवरच फतकल मारून बसली होती. धाड गावचा आठवडी बाजार सोडून टिकाव घेऊन आलेली पोरं किसनरावांकडं रोखून बघत होती.

"कोणं सरकवली, तुमाले मालूम हाय. नाव घ्या, ताई," झुंबरबाई अश्विनीला म्हणाली.

अश्विनी पाणलोट समितीची अध्यक्ष. आज नाव घेतलं तर गावात दोन तट पडतील आणि चर तसाच राहील, हे तिला दिसत होतं. तिनं पातळी मोजायची पाण्याची नळी उचलली. एक टोक काल रेघ जिथून सुरू केली त्या खुंटीपाशी स्वतः धरलं, दुसरं किसनरावांच्या हाती दिलं.

"काका, दोन्हीकडलं पाणी सारखं होईस्तोवर सरका. जिथं होईन तिथं खोदू."

झुंबरबाईपासून किसनराव निघाले. एकेक पाऊल चढत, सगळ्यांदेखत, ते स्वतःच्या नांगरटीत शिरले. विसाव्या पावलाला पाणी सारखं झालं.

"फक्की द्या इकडं," किसनराव मान खाली घालून म्हणाले. "मीच टाकतो. माहे हात पहिलेच पांढरे हायेत."