गव्हाणीची ओळख

तिसऱ्या दिवशीही कोकरांनी भरड्याला तोंड लावलं नाही.

कुंपण घातलेल्या वाडग्यात, पिंप उभं चिरून केलेल्या गव्हाणीपुढे मेंढपाळाची बायको उकिडवी बसली होती. गव्हाणीत भरडलेलं धान्य, वर पेंडीचा चुरा, चिमूटभर मीठ. माळावर गवताची काडी उरली नव्हती, आयांचं दूध आटलं होतं आणि ही चाळीस पिल्लं भरल्या गव्हाणीसमोर उपाशी उभी होती. पहाटे त्यांतली दोन दगावली. उरलेल्यांतल्या एकेकाला पकडून तिने दाढेत भरडा कोंबून पाहिला. जिभेने तो बाहेर लोटून कोकरं पळाली.

"त्यांना ठाऊकच नाही हो, हे खायचं असतं ते."

"मग काय, शाळेत घालतेस?" नवरा म्हणाला. बोलणं चेष्टेचं होतं, आवाजात चेष्टा नव्हती. विकायच्या मेंढ्या तो एकेक करून बाजूला काढत होता. व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी यायचा होता.

शेवटी त्याने म्हातारीला ओढत आणलं. ह्या मेंढीचे पुढचे दात पडले होते, आखूड चारा तिला तोडता येत नसे. मागच्या दुष्काळात ह्या गव्हाणीत खाल्लेली कळपात आता तेवढी एकच उरली होती.

बायको एकदम उठली. "तिला आत सोडा जरा."

"अगं, तिचं ठरलंय."

"टेम्पो येईपर्यंत."

वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. त्याने दोर सोडला.

म्हातारी सरळ गव्हाणीकडे गेली, कालच इथून उठून गेल्यासारखी. तोंड घालून सावकाश खाऊ लागली. कोकरं लांबून बघत राहिली. बराच वेळ काहीच घडलं नाही. बसून बसून बाईच्या पायांना मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. मग एक तांबड्या कानाचं कोकरू बिचकत पुढे आलं. त्याने म्हातारीचं भरडा लागलेलं तोंड हुंगलं, चाटलं आणि गव्हाणीत नाक खुपसलं. त्याच्या मागे दुसरं आलं. मग तिसरं.

टेम्पोत अकरा मेंढ्या चढेपर्यंत इकडे गव्हाण दिसेनाशी झाली होती. नुसत्या पाठीच पाठी. रेटारेटीत कोकरांनी म्हातारीला केव्हाच बाहेर काढलं होतं. ती कुंपणाला टेकून धापा टाकत उभी होती.

"आणा ती शेवटची लवकर, ऊन तापतंय," व्यापारी ओरडला. "पुन्हा महिनाभर मी इकडे फिरकायचा नाही."

"शिकली का गं कोकरं?" टेम्पोच्या उघड्या फाळक्यापाशी उभ्या नवऱ्याने विचारलं.

बाई वाडग्याच्या दारात येऊन आडवी उभी राहिली. "कुठलं काय! एकानेही तोंड लावलं नाही अजून."

तिच्या पाठीमागे अडतीस तोंडांची करकर चालली होती. टेम्पोपर्यंत सहज ऐकू जात होती.

नवरा तिच्याकडे बघत राहिला. मग खांद्यावरच्या फडक्याने त्याने तोंड पुसलं.

"लावा फाळका," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "ह्यांना शिकायला वेळ लागतो."