किल्ली निइलासच्या खिशात

ध्रुवाजवळच्या हिवाळ्यातला भर दुपारचा अंधार होता आणि लॅपलंडच्या आभाळात ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा उजेड हलत होता. निइलास बर्फ झाडायला अँटेनाच्या मनोऱ्यावर चढला होता. चढणाऱ्याने ट्रान्समीटरची किल्ली आपल्या खिशात न्यायची, असा वेधशाळेचा नियम होता. म्हणजे तो उतरेपर्यंत आभाळात एकही रेडिओलहर जायची नाही.

खाली खोलीत त्याची सहकारी इंकेरी शीळ घालत कॉफी ओतत होती.

"अगं बये, शीळ बंद कर!" चालू वॉकीटॉकीवरून निइलास खेकसला. "उजेडाखाली शीळ घातली की तो खाली उतरतो. आमची आजी मरेपर्यंत सांगायची."

"उतरू दे की. कॉफी पुष्कळ आहे!"

तेवढ्यात तिच्यासमोरच्या पडद्यावर प्रतिध्वनीची रेघ उमटली. कुणी लहर पाठवलीच नव्हती, तरी ती परत आली होती. उंची शंभर किलोमीटर. बघता बघता चाळीस. मग पाच. मग मनोऱ्याच्या टोकाएवढी.

इंकेरीने शीळ थांबवून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"इंकेरी," वॉकीटॉकीवर निइलास चर्चमध्ये बोलावं तसा हळू बोलला, "किती गोड शीळ घालतेस गं. थांबू नकोस."