गाडी आपोआप रेस घेते

“अगं, काल हे एकाच चपलेवर वर आले. दुसरी जिन्यात पडलेली, आणि यांना पत्ताच नाही,” असं आई म्हणाली होती, तेव्हा ती हसली होती. “आई, तू आता चपलांवरही पाळत ठेवायला लागलीस?” एवढं बोलून तिने फोन ठेवला. मुलीच्या आंघोळीचं पाणी निवत होतं, आणि त्यात कोपर बुडवून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

आता ती गॅरेजमध्ये उभी होती, मुलगी कडेवर. बाबांची जुनी गाडी तोंड वासून उभी, मिस्त्री बॉनेटखाली खांद्यापर्यंत शिरलेला. बाबा स्टिअरिंगवर बसलेले, त्यांच्या बाजूचं दार उघडं. इंजिन चालू होतं, गरीब गाईसारखं.

“बघा काका, कुठे रेस घेतेय?” मिस्त्रीनं आतूनच विचारलं.

“इथे कशी घेईल? डॉक्टरच्या दारात ताप उतरतो, तशातली आहे ही. काल सिग्नलला उभा होतो, तर अशी डरकाळी फोडली की पुढचा स्कूटरवाला वळून मलाच डोळे वटारायला लागला. आणि मागे ही बसलेली!” बाबांनी नातीकडे हनुवटीनं खूण केली.

ते ‘मागे ही बसलेली’ ऐकून तिने मुलीला कडेवर आणखी वर ओढून घेतलं. मुलीला रोज दुपारी पाळणाघरातून बाबाच आणत. गाडी कधी गुरगुरेल याचा नेम नव्हता, आणि नेमक्या त्या वेळी ती स्वतः ऑफिसात असायची.

“थ्रॉटल साफ केला, केबल बदलली,” मिस्त्री म्हणाला. “काल सकाळी मी स्वतः गावभर फिरवून आणली. मांजर आहे हो, मांजर.”

“तुला सापडत नाही म्हणून गाडी चांगली का? नाचता येईना अंगण वाकडं!”

मिस्त्री हसला, पण ते त्याला लागलं असावं. हात पुसत तो म्हणाला, “एकच बघायचं राहिलंय. ब्रेकला इंजिनाकडून एक पाइप येते. ती चिरली असेल, तर ब्रेक दाबला की रेस वाढते. दाबा बघू ब्रेक.”

बाबांनी ब्रेक दाबला आणि इंजिन किंचाळलं. मुलगी दचकून तिच्या गळ्याला बिलगली, पाय झाडायला लागली.

“सोडा!”

इंजिन एकदम शांत.

“दाबा!”

पुन्हा तेच.

“सापडला चोर!” मिस्त्रीनं बॉनेटवर थाप मारली आणि पाइप आणायला तो आत पळाला.

तिचा जीव भांड्यात पडला. चला, पाइप तर पाइप. पाइप बदलता येते.

“बूत! माजा बूत!” मुलगी ओरडली. पाय झाडताना तिचा बूट निसटला होता, आणि निसटल्याबरोबर तिला ते कळलं होतं. बूट गाडीच्या उघड्या दारापाशी पडला होता. तो उचलायला ती मुलीला घेऊनच खाली वाकली.

बाबांची उजवी चप्पल क्लचखाली पालथी पडली होती. अनवाणी पाऊल ब्रेकवर होतं. सगळं नव्हतं. अंगठ्याकडची बाजू ब्रेकवर, करंगळीकडची ॲक्सिलरेटरला टेकलेली.

“बाबा, पुन्हा दाबा बरं ब्रेक.”

“अगं, तो येऊ दे ना.”

“दाबा ना.”

पाऊल दोन्हींवर मिळून खाली गेलं. इंजिन किंचाळलं. बाबा समोर बघत होते.

“ऐकलंस? पहिल्या दिवसापासून सांगतोय, खोट गाडीतच आहे.”

तिने हात पुढे केला आणि त्यांच्या करंगळीला नखानं चिमटा काढला. आयुष्यात कुणाला काढला नसेल इतका जोरात. कातडीवर पांढरी खूण उमटली, पाऊल मात्र हललं नाही.

“चला, पाइप बसली की छोटीला आणायची काळजी मिटली,” बाबा म्हणाले.

मिस्त्री नवी पाइप घेऊन आला, तोवर तिने किल्ली फिरवून गाडी बंद केली होती.

“राहू द्या आज,” ती म्हणाली. “बाबा, उतरा. मी चालवते.”

“तू? चढावर गाडी मागे नेणारी तू?”

“हो, मीच.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग हसून खांदे उडवले. “घे बाई. म्हाताऱ्याला सुट्टी!” ते उतरले. कमरेवर हात ठेवून, मिस्त्रीला जाता जाता आणखी एक टोमणा मारून, बॉनेटला वळसा घालून निघाले. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय काळ्या तेलातून, लोखंडाच्या किसातून, तारांच्या तुकड्यांवरून आरामात चालला होता.

“आजोबा, एकच!” मुलगी खिदळली.

आजोबाही खिदळले. ही कुणाला हसतेय म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

क्लचखालची चप्पल आता तिच्या हातात होती. ती त्यांना कशी द्यायची, ते तिला सुचेना.

तुमच्याही घरात कुणाची चप्पल अशी जिन्यात राहत असेल, तर हसू नका. आज घरी गेल्यावर त्यांच्या करंगळीला एक चिमटा काढून बघा. ते ओरडले, तर बरं.