न कापलेली लेबलं

तंबूची चेन अर्ध्यावर येऊन अडकली ती अडकलीच. नवऱ्याने ती वर ओढून पाहिली, खाली ओढून पाहिली, शेवटी दातओठ खाऊन तिच्याकडे नुसतं पाहिलं. बाहेरचा पाऊस थांबला होता आणि आत तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. मुलीला शू लागली होती, आणि सहा वर्षांच्या मुलीची शू कुणासाठी थांबत नाही.

"लेबल अडकलंय चेनमध्ये," बायकोने मोबाइलचा उजेड पाडून सांगितलं.

अडकणारच. दुकानाचं लेबल तंबूवरून कुणी कापलंच नव्हतं. तंबूचंच कशाला, तिघांच्या जाकिटांची आणि बुटांची लेबलंही जशीच्या तशी होती. नियम नवऱ्याचाच. या देशात आल्यावर कंपनी त्याला आधी तीन महिने पारखून घेणार होती. पटला तर नोकरी पक्की, नाही तर रामराम. आणि इथली दुकानं, लेबल शाबूत असेल तर, तीन महिन्यांत वस्तू परत घेत. दोन्ही मुदती अशा जुळल्यावर त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. लेबल कापायचं नाही, काही मळवायचं नाही, नोकरी गेलीच तर सगळं दुकानात देऊन सरळ घरी जायचं.

बरं, बाहेर न पडावं तर तेही शक्य नव्हतं. ऑफिसात दर सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी एकच चौकशी होई, रविवारी कुठे भटकलात. घरी झोपलो होतो म्हणणाऱ्याकडे लोक आजाऱ्याकडे बघावं तसे बघत. म्हणून दर रविवारी ही तिघांची वरात निघे. तळ्यावर गेली तेव्हा होडीत टॉवेल अंथरून बसली. टेकडी चढली ती बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. वरून उतरणारी एक म्हातारी इतकी हसली की तिला दगडावर टेकावं लागलं. मुलगी गवतात लोळायला गेली की दोघं एका सुरात "अगं, जाकीट" म्हणत. तिच्या मानेला लेबल टोचायचं. ती कुरकुर करायची, आणि आई ते पुन्हा कॉलरच्या आत खोचून द्यायची.

आई लेबलांना जिवापाड जपायची. तिकडे ती शाळेत विज्ञान शिकवत होती. मुख्याध्यापिकेने तिची जागा तीन महिने धरून ठेवली होती आणि पुढचं माझ्या हातात नाही हेही बजावून ठेवलं होतं. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली अजून तिच्या पर्समध्ये होती. इथे तिला नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर ती समोरच्या इमारतीकडे बघत बसे. कुठल्या खिडकीतला दिवा कधी लागतो ते तिला पाठ झालं होतं. नवऱ्याची नोकरी पक्की होऊ नये असं तिला मनापासून वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून ती त्याच्या शर्टांना दोन-दोनदा इस्त्री करायची. मुदत संपायला बारा दिवस राहिले होते.

नवऱ्याने किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर उघडलं.

"कापू नकोस," ती म्हणाली. "परत घेणार नाहीत मग. सरक बाजूला, मी काढते."

ती गुडघ्यांवर आली आणि लेबलाचा चुरगळलेला पुठ्ठा नखाने चेनच्या एकेका दातातून सोडवू लागली. मुलगी पाय आवळून, डोळे मिटून बसली होती. पाच मिनिटं मिळाली असती तर लेबल अखंड निघालं असतं. वर्षानुवर्षं पोरांकडून काचेच्या नळ्या न फोडता परत घेतलेले हात होते ते.

नवरा थोडा वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परत करायचा नाहीये तंबू. शुक्रवारी पत्र आलं. पक्कं झालं."

तिची बोटं थांबली. शुक्रवारी. म्हणजे अख्खा शनिवार याने हे पोटात ठेवलं, आणि सांगायला जागा गाठली ती ही, जिथून तिला उठून दुसऱ्या खोलीतसुद्धा जाता येत नव्हतं. तिला रडू आलं. पण तीन माणसांच्या तंबूत रडायला वेगळी जागा नसते.

"अभिनंदन," ती म्हणाली.

 त्याने लेबल कापलं आणि चेन एका झटक्यात वरपर्यंत गेली. मुलगी झुडपामागे धावली. परत आली ती मान पुढे करूनच, माझं पण काप म्हणत. त्याने कापलं. मग ती ओल्या गवतात आडवी होऊन लोळली, आणि या वेळी कुणीच काही म्हणालं नाही. त्याने स्वतःचंही लेबल कापलं आणि तंबूत डोकं घातलं.

"मान खाली घाल जरा."

तिने घातली. नेलकटर मानेला गार लागलं. बाहेर ये, केवढी मोकळी हवा आहे बघ, असं म्हणून तो मुलीकडे गेला. तंबूचं दार सताड उघडं होतं. ती आतच बसून राहिली.

थोड्या वेळाने मुलगी आली, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. तिने वाकून आत पाहिलं.

"आई, तुला पण आता टोचत नाही ना गं?"

"नाही," आई म्हणाली, आणि सवयीने हात मानेमागे नेऊन तिने नसलेलं लेबल कॉलरच्या आत खोचलं.