आईची आजची तारीख

ऋजुताने आईच्या कानामागे पट्टी चिकटवली. आईची स्मरणशक्ती गेली होती, पण तिच्या डिजिटल डायरीतली जी तारीख या पट्टीवर लावावी, तोच दिवस ती संध्याकाळपर्यंत जगायची.

बाबा गेल्यानंतरची तारीख लावली, की नुसती रडायची. त्याआधीची लावली, की “हे अजून कसे आले नाहीत?” म्हणत न जेवता दारात बसायची.

आज ऋजुता खूप मागे गेली. आईच्या कॉलेजातली, लग्नाच्या कितीतरी आधीची तारीख तिने लावली.

आई हसत उठली, पोटभर जेवली.

“आमटी अगदी माझ्या आईसारखी करता हो, काकू. पण तुम्ही कोण?”

“शेजारची,” ऋजुता म्हणाली आणि तिने उद्यासाठीही तीच तारीख लावून ठेवली.